चोर ऑफिसात आलाच नव्हता

एका वाचक ताईंचं पत्र, ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात:

"नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. शॉप फ्लोअर मिस्टर बघतात, ऑफिस माझ्याकडे. एकूण बावीस माणसं. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आमच्या बिलाचे ६ लाख ४० हजार रुपये भलत्याच खात्यात भरले. आमची बँक बदलली आहे, पैसे नव्या खात्यात पाठवा, असा मेल त्यांना 'आमच्याकडून' गेला होता. बिल आमचंच, लेटरहेड आमचंच, खातं मात्र परक्याचं. गिऱ्हाईक म्हणतं, मेल तुमचा, आम्ही पैसे भरले, विषय संपला. खोदून विचारल्यावर आमच्या अकाउंट्सच्या काकांनी सांगितलं की दीडेक महिन्यापूर्वी मेलमधून उघडलेल्या एका पानावर त्यांनी ऑफिसच्या मेलचा पासवर्ड टाकला होता. घाबरून कुणाला बोलले नाहीत. काका सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे आहेत. मिस्टर म्हणतात, काकांना काढायचं, सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा करायचे आणि ऑफिसच्या लोकांच्या फोनमध्ये सगळं दिसेल असं अ‍ॅप टाकायचं. कॉम्प्युटरवाल्याने पावणेतीन लाखांच्या फायरवॉलचं कोटेशन दिलंय. यातलं काय करावं? आणि आम्ही एवढेसे, आमच्या मागे कुणी कशाला लागेल? अँटिव्हायरस तर होता."

ताई,

आधी पैशांचं बोलू, कारण तिथे वेळ महत्त्वाचा. तक्रार केल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. केली नसेल तर आजच करा. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले, त्यामुळे १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पैशांची तक्रार त्यांनी करायला हवी, शिवाय त्यांच्या बँकेला लेखी कळवायला हवं. मेल खात्यात परक्याने शिरकाव केल्याची तक्रार तुम्ही वेगळी करा. १९३० वर कळवलं की रक्कम ज्या बँकेत गेली तिथपर्यंत निरोप जातो आणि पैसे त्या किंवा पुढच्या खात्यात शिल्लक असतील तर गोठवता येतात. पहिल्या काही तासांत याची शक्यता सगळ्यात जास्त असते, महिन्याने खूपच कमी. तरीही तक्रार टाळू नका. पुढे गिऱ्हाइकाशी किंवा विम्याशी बोलताना हाच कागद लागतो.

आणि कॉम्प्युटरवाल्याला कृपा करून सांगा की काकांचं मशीन अजून फॉरमॅट मारू नको. "क्लीन करून देतो" म्हणून हे लोक पहिली गोष्ट तीच करतात आणि पुरावा पुसला जातो. ते मेल डिलीट करू नका, गिऱ्हाइकालाही करू देऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे. तुमच्या पत्रातला प्रत्येक उपाय एकाच समजुतीवर उभा आहे: कुणीतरी आपल्या ऑफिसात, आपल्या वायरीतून किंवा आपल्या माणसाच्या फोनमधून घुसलं. म्हणून गेटवर फोन अडवायचे, नेटवर्कला फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी पेटी, लावायची, माणसांवर पाळत ठेवायची. पण काय घडलं ते नीट पाहा. काकांनी पासवर्ड खोट्या पानावर टाकला. चोराने तो घेतला आणि जगात कुठेतरी बसून तुमचं मेल खातं उघडलं. ते खातं मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतं, अंबड-सातपूरच्या तुमच्या गाळ्यात नव्हे. तो तुमच्या ऑफिसात आलाच नव्हता. अँटिव्हायरसला सापडेल असं काही तुमच्या मशीनवर नसेलही. बँकेतल्या लॉकरची किल्ली चोराच्या हाती गेल्यावर घराला नवी जाळी बसवण्यासारखं हे होतंय.

खोटा मेल पाठवण्याआधीचे दिवस त्याने बहुधा फक्त वाचलं. या फसवणुकीची हीच रीत आहे. कुणाला किती बिल जातं, पेमेंट किती दिवसांनी येतं, काका मेलच्या शेवटी काय लिहितात, हे सगळं तो बघतो. मोठं बिल निघालं की तेच पीडीएफ उचलून खाते क्रमांक बदलतो. बऱ्याचदा तो आणखी एक काम करून ठेवतो आणि ते तुम्ही आजच तपासायला हवं. मेल खात्याच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग असे दोन भाग असतात. पेमेंट, बँक असे शब्द असलेला मेल आला की तो परस्पर अर्काइव्हमध्ये किंवा कुणी कधी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये जावा, असा फिल्टर तिथे लावलेला सापडतो. गिऱ्हाइकाने "खरंच बँक बदलली का?" असं विचारलं असेल, तर तो मेल कदाचित त्या फोल्डरमध्ये पडून असेल आणि त्याला उत्तरही चोरानेच दिलं असेल. फॉरवर्डिंगमध्ये अनोळखी पत्ता असेल, तर पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्याला जातच राहतील.

म्हणून क्रम असा ठेवा. काकांच्या मशीनवरून नको, दुसऱ्या चांगल्या मशीनवरून पासवर्ड बदला. "सगळीकडून लॉग आउट" करा. रिकव्हरीचा मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना ते बघा. फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच ते काढून टाका. तोच पासवर्ड, किंवा शेवटचा आकडा बदललेला त्याचा भाऊ, बँकेला, जीएसटीला, टॅलीला वापरला असेल तर तिथेही बदला.

वादाचा मेल नेमका कोणत्या पत्त्यावरून गेला, हेही गिऱ्हाइकाकडून मूळ मेल मागवून बघा. दोन शक्यता आहेत. तो तुमच्या खऱ्या खात्यातून गेला असेल, किंवा तुमच्या पत्त्यासारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी टाकले की मोबाईलच्या पडद्यावर फरक दिसत नाही. खात्यातून गेला असेल तर निष्काळजीपणाचं माप तुमच्याकडे झुकतं. नकली पत्त्यावरून गेला असेल तर त्यांनीही बघायला हवं होतं. नुकसान कुणी सोसायचं हे वकिलाला विचारून ठरवा, पण हा कागद हातात असल्याशिवाय बोलणीच करू नका.

आता काका. ताई, मला वाटतं त्यांना काढू नये, आणि हे मी दयेपोटी म्हणत नाही. पासवर्ड खोट्या पानावर टाकणं ही चूक बँकेतले, आयटीतले लोकही करतात, कारण ती पानं हुबेहूब असतात. नुकसान झालं ते त्यानंतरच्या गप्पपणामुळे. ते गप्प का राहिले, हा प्रश्न मिस्टरांनी आणि तुम्ही एकत्र बसून स्वतःला विचारायला हवा. तुमच्याकडे चूक सांगणाऱ्याला काय ऐकावं लागतं? काकांना आज काढलंत तर उरलेली एकवीस माणसं एकच गोष्ट शिकतील: काही गडबड झाली तर तोंड उघडायचं नाही. पुढची चूक होणारच आहे, कुणाकडून तरी. ती दहा मिनिटांत तुमच्या कानावर आली तर पासवर्ड बदलून विषय मिटेल. त्यापेक्षा सगळ्यांसमोर सांगा की चुकून क्लिक केलं आणि लगेच सांगितलं तर कुणालाही बोल लागणार नाही, लपवलं तर मात्र लागेल. ते सांगताना काका शेजारी उभे असू द्या.

शिवाय काकांनी एकट्याने अडवावं अशी व्यवस्था तरी होती का? एकच मेल खातं तीन जण वापरतात आणि पासवर्ड कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर असतो, असं मी अनेक ऑफिसांत बघतो. तुमच्याकडेही तसं असेल तर आधी प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. मेलला दुहेरी पडताळणी आजच चालू करा. ओटीपीपेक्षा पासकी चांगली. फोनवर बोट टेकवून किंवा कॉम्प्युटरच्या पिनने लॉगिन होतं. खोटं पान ओटीपीसुद्धा विचारून घेऊ शकतं, पण पासकी खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. काकांसारख्या माणसाला ती सोपीही पडते, लक्षात काही ठेवावं लागत नाही.

माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचंच बघा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलला सगळ्यांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. बऱ्याच कारखान्यांत काय होतं? ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, मालक मशीनवर असतो, तो ओटीपी व्हॉट्सअ‍ॅपवर काकांना पाठवतो. रोज असं चाललं की ओटीपी कुणीही मागितला तर पाठवायचा, ही सवयच हाताला लागते. त्या पोर्टलवर उपवापरकर्ते तयार करता येतात, ज्याच्या त्याच्या मोबाईल नंबरसह. काकांचं वेगळं लॉगिन करून द्या आणि घरातला-ऑफिसातला नियम करा की ओटीपी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाणार नाही.

मोबाईलच्या बाबतीत मिस्टरांची काळजी मला पूर्ण पटते, उपाय पटत नाही. मशीनवर काम करताना हातात फोन नको, हा नियम अपघात टाळायला जरूर करा. या चोरीशी त्याचा संबंध नाही. आणि सगळं दिसणारं अ‍ॅप तर मुळीच नको. एक तर ते माणसांचे स्वतःचे फोन आहेत. त्यात त्यांच्या बायकामुलांचे फोटो आहेत, दवाखान्याचे रिपोर्ट आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे, आणि कायदा नसता तरी हे बरोबर नव्हतं. दुसरं, असली अ‍ॅप बसवताना प्ले स्टोअरबाहेरून फाइल घ्यायला लावतात, घातक अ‍ॅप ओळखणारं प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगतात, पडद्यावरचं सगळं वाचता येईल अशी अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी, फाइल येते आणि लोकांची खाती रिकामी होतात, ती नेमकी याच दरवाजातून. मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी थेट चोराकडे जातात. पाळतीच्या नावाखाली तुम्ही ऑफिसातल्या सगळ्या फोनांचा तो दरवाजा स्वतःच्या हाताने उघडाल.

फोनसाठी माफक नियम पुरतात. ज्या फोनवर ऑफिसचा मेल किंवा बँकेचं अ‍ॅप आहे, त्याला स्क्रीन लॉक हवा, अपडेट मिळत असायला हवेत, आणि अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्यायचं. अपडेट बंद झालेल्या जुन्या फोनवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका, तिथे हजारो रुपये वाचवण्यात अर्थ नाही. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर कंपनीच्या सिमवर असावा, त्याला टू-स्टेप पिन लावावा आणि महिन्यातून एकदा 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून कोणकोणती मशीनं जोडलेली आहेत ते बघावं. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर अजून सगळे मेसेज जात असतात आणि कुणाला पत्ता नसतो. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल नावाची सोय आहे. ऑफिसचा मेल आणि फाइली एका वेगळ्या कप्प्यात राहतात, माणूस नोकरी सोडून गेला की तेवढा कप्पा पुसता येतो, त्याच्या खासगी गोष्टींना हात लागत नाही. मेल सेवा कंपनीच्या नावाने घेतलेली असेल तर कॉम्प्युटरवाल्याला हे करायला सांगा. फोन हरवलाच तर गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून तो दुरून पुसता येतो, आणि पोलिसांत तक्रार दिल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून बंद करता येतो. तो क्रमांक बॉक्सवरून आजच लिहून ठेवा, फोन गेल्यावर बॉक्स सापडत नाही.

"आम्ही एवढेसे" हे वाक्य मात्र मनातून काढून टाका. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते तिथलं शीतकरणाचं काम करणाऱ्या एका लहान कंत्राटदाराचं लॉगिन चोरून. वाहन उद्योगातल्या मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने तुमचं वर्कशॉप त्याच जागी आहे. त्यातून तुमच्याकडची ड्रॉइंग गिऱ्हाइकाची आहेत, तुमची नव्हेत.

फायरवॉल वाईट नाही, पण ती तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाची गरज आहे. कॉम्प्युटरवाल्याला आधी हे विचारा: बाहेरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवलाय का? ठेवला असेल तर आजच बंद करायला लावा, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा खंडणीखोर व्हायरस शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. तो स्वतः एनीडेस्क या दुरून जोडणाऱ्या अ‍ॅपने केव्हाही आत येऊ शकतो का, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना त्याने एकच पासवर्ड लावलाय का? राउटरचा आणि सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा (डीव्हीआर) कंपनीतून आलेला पासवर्ड कधी बदलला? यातल्या कशालाही पावणेतीन लाख लागत नाहीत. कामगारांच्या आणि पाहुण्यांच्या फोनसाठी वेगळं वायफाय करणं बहुतेक राउटरमध्ये फुकट होतं. या प्रश्नांची सरळ उत्तरं तो देऊ शकला नाही, तर फायरवॉल बसवून ती सांभाळणार कोण, हाही विचार करा. बसवून विसरलेल्या, अपडेट न केलेल्या फायरवॉलमधूनही चोर शिरतात.

तुमच्या व्हीएमसी आणि सीएनसी अशा, प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या, मशीनांना प्रोग्राम देणारा एखादा जुना पीसी असणारच, विंडोज ७ वर चालणारा. मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही म्हणून तो बदलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मग त्याचं इंटरनेट तोडा. त्याच्यासाठी एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, दुसरीकडे न वापरला जाणारा, आणि प्रोग्राम भरण्याआधी तो चांगल्या मशीनवर तपासा. ऑफिसातल्या मशीनांवर विंडोज १० असेल तर त्याचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आठवतो ना, मे २०१७ चा? त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दीडशेवर देशांत जी मशीनं बंद पडली त्यांतल्या बहुतेकांनी तो टाकलेला नव्हता.

आणि बॅकअप. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेला हा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीत शिरला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या, त्याच समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. मर्स्कला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कचा पाया असलेल्या नोंदींची जगभरातली प्रत्येक प्रत पुसली गेली होती. घानामधलं एक मशीन वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होतं, तेवढंच वाचलं, आणि त्यावरून सगळं परत उभं राहिलं. टॅलीचा बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर किंवा कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर असेल तर तो बॅकअप नव्हे. दोन हार्ड डिस्क घ्या. दर शनिवारी आलटून पालटून बॅकअप घ्यायचा, वायर काढायची, एक डिस्क घरी न्यायची. ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्रामही त्यात घ्या, लोक फक्त टॅली घेतात. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

शेवटी गिऱ्हाईक. बँक बदलल्याचा मेल आला की माहितीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, हा नियम त्यांच्याइतकाच तुम्हालाही लागू आहे, कारण तुमच्या पुरवठादारांच्या नावाने असाच मेल तुम्हालाही येईल. नाव चुकलं तर बँक पैसे परत पाठवेल, असं बहुतेकांना वाटतं. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना एक सोय द्यायला लावली: खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं नाव पडद्यावर दिसतं. काकांना नवं खातं जोडताना ते नाव वाचायची सवय लावा.

पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे मात्र मेलने जाऊ नका. तुम्ही आणि मिस्टर दोघं जा. मूळ मेल, तक्रारीची पोच आणि सगळ्या गिऱ्हाइकांना देणार असलेलं पत्र सोबत न्या: आमचं खातं हे एवढंच, रद्द केलेला चेक जोडला आहे, यात बदल झाला तर आम्ही प्रत्यक्ष येऊन सांगू, मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला बदल मानू नका. सहीशिक्क्याचं ते पत्र बाकीच्या गिऱ्हाइकांच्या हाती पुढचं बिल निघायच्या आत पडलं पाहिजे. चोराने दीड महिना तुमचे सगळेच मेल वाचलेत, त्यामुळे पुढचा खोटा मेल कुणाला जाईल ते आपल्याला ठाऊक नाही.